उज्जैनमध्ये सामावलेले भैरवगड

उज्जैन नगरीच्या उत्तरेस क्षिप्रेच्या काठी भैरवगड ही प्राचीन वस्ती आहे. स्थानिक लोक तिला भेरूगढ म्हणतात. काळभैरवाचे मंदिर आणि पिंडदानाचे तीर्थ सिद्धवट ही तिची ख्याती होय. १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली; पुढे उज्जैन पुन्हा वाढत गेले आणि हे गाव शहराचाच एक भाग झाले.

शहरात गाव मिसळले की शेते जातात, पुष्कळदा नावही जाते. पुण्याजवळचे भांबुर्डे आज शिवाजीनगर म्हणूनच ओळखले जाते. भैरवगडचे नाव मात्र टिकले, आणि त्यात देवस्थानांइतकाच येथील छिपा रंगाऱ्यांचा वाटा आहे, असे म्हणावे लागेल.

येथील बाटिक छपाईची रीत पाहण्याजोगी आहे. (बाटिक हा शब्द मूळचा जावा बेटावरचा.) पांढऱ्या सुती कापडावर कुंचल्याने किंवा ठशाने वितळलेल्या मेणाची नक्षी काढतात. मेण लागलेल्या जागी रंग शिरत नाही. रंगाचे पाणी थंडच असावे लागते, अन्यथा मेण वितळेल. प्रथम फिका रंग, मग पुन्हा मेण, मग गडद रंग, असा क्रम असतो. मेणाला तडे जाऊन त्यांत रंग उतरतो व कापडावर बारीक शिरा उमटतात. तीच या कामाची खूण. शेवटी कापड उकळत्या पाण्यात घालून मेण काढतात आणि निवल्यावर वर थिजलेले मेण पुन्हा वापरतात. २०२३ मध्ये या कलेस भौगोलिक मानांकन लाभले, परंतु ते ‘उज्जैन बाटिक प्रिंट’ या नावाने; गावाचे नाव त्यात नाही.

हा व्यवसाय मुबलक पाणी आणि कापड वाळविण्यास मोकळी जागा यांवर उभा आहे. वाढत्या शहरात नेमक्या याच दोन गोष्टींची टंचाई होते. क्षिप्रेचा प्रवाह उन्हाळ्यात क्षीण होतो, म्हणूनच २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी तीत सोडण्यात आले. अशा नदीत रंगाचे सांडपाणी जाऊ देणे योग्य नव्हे. पण तेवढ्यासाठी कारागिरांना काठावरून उठविणे हाही उपाय नव्हे. शुद्धीकरणाची सामाईक कुंडे बांधता येतात. २०२८ च्या सिंहस्थासाठी रस्ते व वाहनतळ आखताना वाळवणाची मैदाने नकाशावर आधीच राखून ठेवावीत. एकदा बांधकाम झाले की ती जागा पुन्हा मिळणे कठीण असते.