फळीवरची माणसं उतरली तेव्हा

अमेरिकेतल्या ट्रॅक्टर पुलिंगच्या आठवणी कुठेही वाचा, एक तक्रार हमखास भेटते. १९६० च्या दशकापर्यंत हा शेतकऱ्याचा खेळ होता. आठवडाभर नांगरट करणारा ट्रॅक्टरच रविवारी जत्रेच्या मैदानात उतरायचा. मग टर्बोचार्जर आला, त्याच्यामागून पैसा आला आणि खेळ शेताला पारखा झाला. तक्रारीचा पहिला भाग खरा आहे. दुसऱ्या भागात मात्र आरोपी चुकीचा धरला आहे, असं माझं ठाम मत आहे. टर्बो हा त्या काळी शेतातलाच गडी होता. खेळ बदलला तो लोखंडी स्लेडवर चढणारी माणसं खाली उतरली तेव्हा, आणि हे आठवणींपेक्षा साध्या आकडेमोडीतून जास्त स्वच्छ दिसतं.

आपल्याकडे ढेकळं फोडायला फळी मारतात, तेव्हा वजन पडावं म्हणून माणूस फळीवर उभा राहतो. जुन्या पुलिंगची स्लेड म्हणजे त्याच फळीचा अजस्र अवतार. वाटेच्या कडेला ठरावीक अंतरावर माणसं उभी असत. स्लेड समोर आली की एकेकाने तिच्यावर पाऊल टाकायचं. ओझं असं वाढत वाढत शेवटी ट्रॅक्टर जागीच रुतायचा किंवा त्याची चाकं फिरत राहायची, आणि तिथवरचं अंतर मोजलं जायचं. वेगापेक्षा ओढीला मान देण्याची ही वृत्ती घोड्यांच्या ओढ-स्पर्धांतून आलेली. तिथे आयोवा स्टेट कॉलेजात ई. व्ही. कॉलिन्स यांनी १९२० च्या दशकात बनवलेल्या डायनॅमोमीटर गाडीवर जोडीचा जोर मोजला जाई, आणि साडेसत्तावीस फूट ओढलं की काम झालं. वेगाला त्यात किंमत नव्हती. ट्रॅक्टरच्या मैदानात तर वेगावर बंधनच होतं, कारण धावत्या स्लेडवर चढताना माणूस खाली सापडला असता. म्हणजे खेळाचा वेग माणसाच्या चालीला बांधलेला होता, ताशी जेमतेम पाच किलोमीटर.

आता हिशेब मांडू. चांगल्या मातीत ट्रॅक्टर आपल्या वजनाच्या सुमारे तीन चतुर्थांश ओढ देतो. त्यापुढे टायर घसरतात. २,७०० किलोचा ट्रॅक्टर धरला तर ओढ २,००० किलोची. ती ताशी पाच किलोमीटरने द्यायला साधारण ३७ एचपी लागतात. फार्मॉल एम हा १९३९ ते १९५२ या काळातला घरोघरचा ट्रॅक्टर नेमका त्याच पट्ट्यात बसतो. याच वजनाच्या ट्रॅक्टरला तिप्पट ताकदीचं इंजिन बसवलं तरी त्या चालीत ते फक्त माती उकरेल. मर्यादा इंजिनाची नाही, टायरखालच्या जमिनीची आहे. असल्या खेळात टर्बोने कुणाचा घास हिरावला असेल, हा प्रश्न इथेच उभा राहतो.

टर्बोची जन्मकथा जाणकारांना ठाऊक आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये पेटंटचा अर्ज केला. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर चाक फिरवायचं आणि त्याच चाकाने इंजिनात हवा कोंबायची. ट्रॅक्टरपुरती खरी रंजक गोष्ट १९६१ ची आहे. ॲलिस-चाल्मर्स कंपनीचा डी-१९ हा कारखान्यातूनच टर्बो लावून आलेला पहिला शेती-ट्रॅक्टर मानला जातो. तो आला तो ताकदीच्या हव्यासातून नव्हे, काटकसरीतून. पेट्रोल आणि डिझेल या दोन्ही इंजिनांचा आकार सारखाच, ४.३ लिटर. त्या आकाराचं साधं डिझेल पेट्रोलच्या बरोबरीला येईना. नवं मोठं इंजिन घडवण्यापेक्षा टर्बो स्वस्त पडला. तो लावूनही नेब्रास्का राज्याच्या ट्रॅक्टर-चाचणीत डिझेल सुमारे ६७ एचपीवर राहिलं आणि पेट्रोल सुमारे ७१ वर. ज्याला खेळाचा खलनायक ठरवलं, तो असा भावाच्या बरोबरीला यायला धडपडणारा धाकटा होता. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या ट्रॅक्टरांतला फरक जास्त ठसठशीत. ८०६ आणि १९६५ चा १२०६ यांची इंजिनं एकाच आकाराची, ५.९ लिटर; पण पहिला ९५ एचपीच्या आसपास आणि टर्बोवाला ११३ च्या आसपास. १२०६ च्या जोरापुढे तेव्हाचे मागचे टायर टिकेनात, आणि त्याच्यासाठी मोठे टायर आणावे लागले. म्हणजे इंजिनाने जमिनीची मर्यादा आधी शेतातच गाठली होती.

याच सुमारास इलिनॉयमधल्या गिब्सन सिटीची एम अँड डब्ल्यू गिअर ही कंपनी शेतकऱ्याने स्वतः बसवायचे टर्बो-संच विकू लागली, आणि मला या साऱ्या कथेत सर्वांत मोलाचं काही वाटत असेल तर ते हेच. एल्मो माइनर्स यांची ही कंपनी आधी फार्मॉलसाठी मोठे पिस्टन आणि नऊ गतींचे गिअर बनवत असे. तिचं गिऱ्हाईक होतं जुना ट्रॅक्टर फेकून न देणारा शेतकरी. डिझेलला ठिणगी लागत नाही. पुरेशी हवा असेल तोवर जास्त इंधन म्हणजे जास्त जोर, हवा संपली की काळा धूर. पंपाचा स्क्रू फिरवून इंधन कुणीही वाढवेल, पण हवा द्यायला संचच हवा. अशा संचांच्या दाव्यांची शहानिशा मात्र कुठे व्हायची? नेब्रास्काचा चाचणी-कायदा १९१९ चा. त्यामागे विल्मट क्रोझियर हा पोल्क काउंटीचा शेतकरी-आमदार होता. त्याने मिनियापोलिसच्या एका कंपनीचा ‘फोर्ड’ नावाचा ट्रॅक्टर घेतला, ज्याचा हेन्री फोर्डशी काडीचा संबंध नव्हता, आणि तो पार निकामी निघाला. त्या फसवणुकीतून जन्मलेल्या कायद्याने नव्या मॉडेलला विक्रीआधी लिंकनच्या विद्यापीठात परीक्षेला बसवलं. नंतर जोडलेला सुटा संच या कायद्याच्या कक्षेत नव्हता. त्याची परीक्षा गावच्या जत्रेत, शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत व्हायची. म्हणून मी म्हणतो, त्या दशकात मैदान आणि शेत ही एकाच कार्यशाळेची दोन दारं होती.

इथे एक आक्षेप रास्त आहे. टर्बोवाले ट्रॅक्टर माणसं चढण्याच्या काळातही जिंकत, असं जुने लोक सांगतात, आणि ते खोटं नाही. ५,४०० किलोच्या जड गटात ओढ ४,००० किलोपर्यंत जाते. त्याच चालीत ७४ एचपी लागतात, आणि टायरची घसर व गिअरमधला ऱ्हास धरला तर ८५-९०. १९६१ मध्ये इतक्या जोराचे शेती-ट्रॅक्टर थोडेच होते, तेव्हा जड गटात टर्बोने निकाल नक्कीच फिरवले. ओझं वाढताना इंजिनाचा वेग राखणारा गव्हर्नर इंधन वाढवतो, धूर तापतो, टर्बो वेग घेतो आणि बुडायला आलेलं इंजिन सावरतं. त्या खेळाला हा गुण फार सोयीचा. पण फायद्याला छत होतं. नव्वदीपलीकडचा प्रत्येक एचपी पुन्हा माती उकरण्यातच जायचा. एक टर्बो लावला, बरोबरी झाली, स्पर्धा पुन्हा वजन कुठे लादायचं आणि टायरमध्ये हवा किती ठेवायची यावर आली.

हे छत उडालं ते १९७० च्या आसपास. आठ राज्यांच्या प्रतिनिधींनी १९६९ मध्ये नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशन स्थापून नियम एकसारखे केले, आणि सरकत्या वजनाची स्लेड रूढ झाली. तिच्यावर वजनाची पेटी सुरुवातीला मागच्या चाकांवर असते. स्लेड पुढे जाईल तशी तिचीच चाकं साखळीने पेटीला पुढे ओढतात आणि पुढचा लोखंडी तळ जमिनीत दाबला जातो. माणसांची गरज संपली, चालीचं बंधन संपलं. उलट पेटी पुढे येण्याआधी जो वेग घेईल तो दूर जाईल. मघाच्या ४,००० किलो ओढीला ताशी वीस किलोमीटरला सुमारे ३०० एचपी लागतात, आणि आता प्रत्येक एचपीला अंतराचा मोबदला आहे. मग एका टर्बोने दुसऱ्याला हवा पुरवायची, तापलेली हवा बर्फाच्या पाण्याने गार करायची, इंजिन मूळ फेऱ्यांच्या दुपटीकडे न्यायचं, हे ओघाने आलं. ओहायोच्या कार्ल आणि पॉल बॉसी या भावांनी अनेक इंजिनं एका दांड्याला जोडणारी गिअरपेटी बनवली, तीही याच दशकारंभी. तिथे टर्बो असलाच पाहिजे असं नाही. टर्बोवर बंदी घातली असती तरी पैसा दुसऱ्या वाटेने आला असता, याचा याहून चांगला पुरावा मला दिसत नाही.

याच गोष्टीचा उलट बाजूने पुरावा जुन्या ट्रॅक्टरांच्या आजच्या स्पर्धांत आहे. तिथल्या काही गटांत पळण्याच्या वेगावर अजून मर्यादा आहे. ओलांडली तर स्पर्धक बाद. स्लेड तीच, सरकत्या वजनाची. त्या गटांत सत्तर-ऐंशी वर्षांचे, टर्बो नसलेले फार्मॉल एम आजही एकमेकांशी इंचाइंचाने झुंजतात, आणि सकाळी मैदानावर मालक वजनाचे लोखंडी ठोकळे कुठे टांगावेत याचा खल करत बसलेले असतात.