साडेआठचा दिवस

मला हवा होता एकच आकडा: 26 जुलै 2005 ला मुंबईवर किती पाऊस पडला, हे ‘ईआरए5’ काय सांगतं. जुन्या निरीक्षणांना मॉडेलची जोड देऊन युरोपीय हवामान अंदाज केंद्राने 1940 पासूनचं तासातासाचं हवामान पुन्हा उभं केलं आहे, ते हे ईआरए5. त्याच्या फायली विद्यापीठाच्या संगणक-क्लस्टरवर आधीच उतरवलेल्या होत्या. काम अर्ध्या तासाचं वाटलं. चार दिवस गेले.

क्लस्टरवर लॉगिन नोड सगळ्यांचा असतो, तिथे जड काम करायचं नसतं. मॉड्यूल लोड करायचं, स्क्रिप्ट तपासायची आणि जॉब ‘स्लर्म’ या कामं वाटणाऱ्या प्रोग्रामच्या रांगेत सोडायचा. माझा पहिला जॉब दोन तास थांबला, सुरू झाला आणि मिनिटभरात मेमरी संपून मेला. चूक माझीच होती. ईआरए5 च्या जाळीचे जगभर 10,38,240 ठिपके, जुलैचे 744 तास, म्हणजे 77 कोटी आकडे. ते सगळे मी एकदम मेमरीत ओढले होते.

या फायली ‘नेटसीडीएफ’ प्रकारच्या. त्या वाचणारी लायब्ररी अमेरिकेत बोल्डरच्या युनिडेटाने घडवली. तिची मोठी सोय अशी, की आकड्यांना हात न लावता नुसता मथळा वाचता येतो: कोणती राशी, कोणतं एकक, अक्षांश कुठून कुठे. तो मथळा मी दुसऱ्या दिवशी नीट वाचला. पाऊस मिलिमीटरमध्ये नव्हता, मीटरमध्ये होता. अक्षांश उत्तरेकडून दक्षिणेला उतरत होते. मी दक्षिणेकडून मागितले असते, तर हाती रिकामा तुकडा आला असता आणि तक्रार कुणीच केली नसती.

मग सगळ्याच वर्षांचे जुलै काढावेसे वाटले. आमच्याकडे फाइलचा एकेक तुकडा म्हणजे एका तासाचा अख्ख्या जगाचा नकाशा. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यातून रोजचा एकच कोपरा कापायचा, तर प्रत्येक अंक उलगडावाच लागतो, तसंच हे. शेवटी भारतापुरता भाग काढून काळाच्या दिशेने नवे तुकडे पाडले. त्याला एक रात्र लागली. नंतर कुठल्याही गावाचा पाऊस क्षणात मिळू लागला.

खरा वेळ खाल्ला तो तारखेने. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, ईआरए5 चालतं जागतिक वेळेवर. आपले साडेआठ म्हणजे तिथले पहाटेचे तीन. शिवाय ईआरए5 ची प्रत्येक नोंद नुकत्याच सरलेल्या तासाची असते. म्हणून बेरीज 26 च्या चारच्या नोंदीपासून 27 च्या तीनच्या नोंदीपर्यंत करावी लागते, आणि विभागाच्या तक्त्यात तो पाऊस 27 तारखेखाली सापडतो. हे न पाहता दोन तक्ते शेजारी ठेवले, की प्रलय एक दिवस सरकतो. मला यात हयगय सहन होत नाही. त्या पावसात माणसं गेली आहेत.

त्या 24 तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला सुमारे 73. दोन्ही वेधशाळांचे अक्षांश-रेखांश देऊन मी सर्वांत जवळचा ठिपका विचारला. दोन्हींना उत्तर एकच आलं: 19.00, 72.75. नकाशावर पाहिलं, तर तो वरळीच्या पश्चिमेला, समुद्रात.

शेजारचे आठ ठिपकेही आता स्क्रिप्टमध्ये घेतले आहेत. जॉब रांगेत आहे.