स्टिअरिंग जड झालं? आधी बॅटरी मोजा
गाडी सुरू करताच ईपीएस (इलेक्ट्रिक स्टिअरिंग) आणि एबीएस (ब्रेक) यांचे दिवे एकदम लागले, स्टिअरिंग जड झालं, तर लगेच स्टिअरिंगची मोटर बदलायला होकार देऊ नका. इलेक्ट्रिक स्टिअरिंग भरपूर करंट ओढतं; व्होल्टेज पडलं की त्याचा कंट्रोलर मदत कमी करतो किंवा बंदच करतो. म्हणून आधी मल्टिमीटर. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट हवेत, स्टार्टर मारताना १० च्या फार खाली जाऊ नये, इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५. (काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर मुद्दाम कमी-जास्त चार्ज करतो, तिथे निष्कर्षाची घाई नको.) आकडे बरोबर? मग टर्मिनल आणि बॉडीला जाणारी अर्थिंगची वायर बघा, पावसाळ्यानंतर तर नक्कीच. स्कॅनर त्यानंतर. आणि स्कॅनरवर दिसलेला फॉल्ट कोड पुसण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा.