थार घेतली, आता पहिला खर्च कशावर?

बजेट छोटं असेल तर एकच नियम: गाडी अडकल्यावर बाहेर काढणारा खर्च आधी, मिरवायचा नंतर.

१. रिकव्हरी पट्टा, शॅकल, हवेचा पंप, प्रेशर गेज. वाळूत हवा थोडी कमी केली की टायर पसरतो, पकड वाढते. हे जवळजवळ फुकटचं मॉडिफिकेशन! डांबरी रस्त्यावर आलात की हवा परत भरा.

२. टायर झिजले की त्याच साइजचे ऑल-टेरेन घ्या. मोठे टायर पिकअप खातात, ब्रेकवर ताण आणतात.

३. दगडांतून जाणार असाल तर स्किड प्लेट.

लिफ्ट किटला थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही. उद्या अपघात झाला तर विम्याचा क्लेम अडकू शकतो, आणि हप्ते तर चालूच राहणार. म्हणून आधी आरटीओत विचारा, मग गॅरेज गाठा.