अंगणातले माड (लेखांक ७) : रुपेरी शिंदी

नाशिककडच्या ओढ्या-नाल्यांच्या काठी शिंदी आपोआप उगवते. देवळाली कॅम्पच्या आसपास, दारणेच्या खोऱ्यातही ती भेटते. पावसाळा सुरू झाला की तिच्या झावळ्यांना सुगरणीचे खोपे लोंबू लागतात आणि पाहणाऱ्याची नजर खोप्यांवरच खिळते. पानांचा रंग पाहायचा राहून जातो. हिरव्यावर राखाडी-निळसर झाक, आणि तिरप्या उन्हात ती थेट रुपेरी दिसते. पानावरच्या मेणचट थराची ही किमया; याच थरामुळे झाडातले पाणीही कमी उडते.

खजुराची ही जवळची बहीण, फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस. अमेरिकेतल्या फ्लॉरिडात ती शोभेसाठी मुद्दाम लावतात आणि तिला ‘सिल्व्हर डेट पाम’ म्हणतात. आपल्याकडे तिची ओळख केरसुणीची. लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहिली जाणारी केरसुणी बहुधा शिंदीच्या पात्यांचीच असते, पण ज्या झाडाची ती होते त्याला अंगणात जागा नसते. हे बदलायला हवे.

विशेषतः कोकणात. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. नारळाची जागा शिंदी घेणार नाही, उत्पन्नात तर नाहीच. पण घराभोवती शोभेचे झाड लावायचे तर परदेशी पाम विकत घेण्याआधी हिचा विचार व्हावा. हलकी, मुरमाड जमीन तिला चालते, उन्हाळा सोसतो, नाशिकची थंडीही बाधत नाही. खारा वारा ती बऱ्यापैकी सहन करते. तरी अगदी भरतीरेषेलगत न लावता कुंपणाच्या किंवा घराच्या आडोशाला लावावी.

रोप बियांपासूनच करावे. ओढ्याकाठचे वाढलेले झाड उपटून आणू नये. पिकलेल्या फळाचा गर काढून बी दोन दिवस पाण्यात भिजवावे आणि उंच, खोल पिशवीत पेरावे. ही खोली महत्त्वाची आहे. शिंदीच्या बीतून कोंब थेट वर येत नाही. नळीसारखा एक देठ आधी मातीत खाली शिरतो आणि मूळ व पान तिथून फुटतात. उथळ कुंडीत हा देठ तळाला अडतो. वर काही दिसत नाही म्हणून कित्येक जण पिशवी उकरून बघतात आणि रोप हातचे घालवतात! दोन-तीन महिने धीर धरावा. पहिले पान गवताच्या पात्यासारखे साधेच असते. झावळीचा आकार नंतर येतो.

जागा भरपूर उन्हाची, पण पायवाटेपासून लांब हवी. झावळीच्या बुडाशी असलेली पाती काट्यांत बदललेली असतात आणि ते काटे चांगलेच टोकदार असतात. नर-मादी झाडे वेगळी, त्यामुळे फळे मादीलाच धरतात.

हिरव्या झावळ्या छाटण्याचा मोह टाळावा. ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो, तिथे अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात. पूर्ण वाळलेली झावळी तेवढी काढावी, तीही खोडाला इजा न करता.