कचराभूमीचे अंतर आणि नगर-स्वच्छतेची सेवा

कचरा टाकण्याची जागा कोठे असावी, या प्रश्नाची चर्चा सामान्यतः सार्वजनिक आरोग्य आणि भूमिमूल्य या दोन दृष्टींनी केली जाते. त्या जागेचा घरोघरच्या कचरा-संकलनावर होणारा परिणाम मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत टिपणात याच अंगाचा विचार करावयाचा आहे.

संकलनाच्या गाडीचा दिवस चार कामांत वाटला जातो: वस्तीत गाडी भरणे, ती कचराभूमीपर्यंत नेणे, तेथे रिकामी करणे आणि परत येणे. यांपैकी पहिल्या कामातच नागरिकास प्रत्यक्ष सेवा मिळते. उरलेला वेळ पाळीतून वजा होतो, आणि त्याचे मान मुख्यतः अंतरावर अवलंबून असते.

उदाहरणादाखल काही कल्पित आकडे घेऊ. विश्रांती वगळता पाळीत ४२० मिनिटे मिळतात. गाडी भरण्यास ८० व रिकामी करण्यास २० मिनिटे लागतात. वाटेतील वेग ताशी १८ किलोमीटर आहे. कचराभूमी ६ किलोमीटरांवर असल्यास जाण्यायेण्यास ४० मिनिटे लागून एक खेप १४० मिनिटांची होते. दिवसात तीन खेपा होतात. अंतर १६.५ किलोमीटर झाल्यास खेप २१० मिनिटांची होऊन दोनच खेपा साधतात. अंतर १८ किलोमीटर होताच खेपेला २२० मिनिटे लागतात आणि दुसरी खेप पाळीत बसत नाही. ज्या विभागातून रोज ३० खेपा कचरा निघतो, त्यास या तीन स्थितींत अनुक्रमे १०, १५ आणि ३० गाड्या लागतील.

म्हणजेच, गाड्यांची गरज अंतराबरोबर सारखी वाढत जात नाही. ती पायऱ्यापायऱ्यांनी वाढते. दीड किलोमीटराच्या फरकाने ती दुप्पट होऊ शकते. व्यवहारात कोणतीही नगरपालिका एकदम इतक्या गाड्या घेत नाही. मग कामगारांवर जादा तासांचा भार पडतो, किंवा काही फेऱ्या गाळल्या जातात. ज्या अरुंद गल्ल्यांत गाडी भरण्यास अधिक वेळ लागतो, त्या प्रथम गाळल्या जाण्याचा संभव अधिक. कचराभूमीच्या अंतराचे मोल अशा रीतीने तेथून दूर राहणाऱ्यांनाही द्यावे लागते.

यावरील प्रचलित उपाय म्हणजे मधले हस्तांतरण केंद्र होय. लहान गाड्या जवळच्या केंद्रावर रिकाम्या होतात व मोठी वाहने पुढील मजल मारतात. मुंबईत या तत्त्वाचा उपयोग जुना आहे: कुर्ला–चेंबूर लोहमार्ग १९०६ साली कचऱ्याच्या वाहतुकीसाठी टाकण्यात आला, आणि त्यावर प्रवासी वाहतूक १९२४ साली सुरू झाली. न्यूयॉर्कमध्ये १९४८ साली सुरू झालेल्या फ्रेश किल्स कचराभूमीकडे धक्क्यांवरून तराफ्यांनी कचरा जात असे. मार्च २००१ मध्ये ती बंद होताच त्या शहराचा कचरा परराज्यांत पाठविणे भाग पडले. पुढे २००६ च्या योजनेने जलमार्ग व लोहमार्ग यांवर पुन्हा भर दिला. मात्र हस्तांतरणासही उभारणीचा व दुहेरी हाताळणीचा खर्च असतोच. अंतर पुरेसे मोठे असल्यासच तो परवडतो.

तर मग कचराभूमी जवळच का नसावी? भारतातील २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी भूभरावाची जागा वस्तीपासून २०० मीटर व विमानतळापासून २० किलोमीटर दूर असावी, असे ठरविले. परंतु जागा दूर नेल्याने उपद्रव नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या दारी जातो. १९२७ पासून वापरात आलेल्या देवनार येथे शहर वाढता वाढता वस्ती कचऱ्याच्या कडेला येऊन भिडली, आणि जानेवारी २०१६ मधील आगीचा धूर दूरच्या उपनगरांपर्यंत पसरला. पुण्याजवळील उरुळी देवाची व फुरसुंगी येथील ग्रामस्थांनी गाड्या अडविल्या, तेव्हा शहरातील संकलनही खोळंबले. एकाच जागेवर विसंबलेली सेवा त्या जागेबरोबरच बंद पडते, हे यावरून स्पष्ट होते.

तात्पर्य, कचराभूमीची निवड करताना जमिनीच्या किमतीबरोबर खेपेचा काळही मोजला पाहिजे. ओला कचरा वस्तीजवळच जिरविल्यास लांब पल्ल्याच्या खेपांची संख्याच घटते, आणि वाचलेला वेळ गाळलेल्या गल्ल्यांना देता येतो. दूरच्या गावावरील भारही तेवढाच हलका होतो. स्थाननिश्चितीचा विचार सेवेच्या हिशेबापासून वेगळा ठेवल्यास दोन्ही अपुरे राहतात.