खणण्याआधी जमिनीला विचारा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मागच्या आळीत बोअर मारायचं ठरलं. आधी तळहातावर नारळ ठेवून पाणाड्या फिरून गेला, मग मशीनवाला आला. त्यानं एका ओळीत चार लोखंडी सळ्या ठोकल्या, जमीन फार कोरडी म्हणून त्यांच्या बुडाशी तांब्यानं पाणी ओतलं, वायरी जोडल्या आणि वहीत आकडे लिहीत बसला. "यानं पाणी कसं हो कळतं?" शेजारच्या काकूंनी विचारलंच.

ओल्या हातानं बटणाला हात लावू नको, असं आपण मुलांना दिवसातून दहादा सांगतो ना? तेच हे. ओलीतून वीज सहज जाते, कोरड्यातून अडते. बाहेरच्या दोन सळ्यांतून जमिनीत थोडी वीज सोडायची आणि माती तिला किती अडवते, ते आतल्या दोन सळ्यांवरून मोजायचं. याचं नाव विद्युत रोधकता सर्वेक्षण. नाव भारदस्त, काम साधं!

गंमत म्हणजे, अशाच सळ्यांनी जमिनीत गाडलेल्या जुन्या वस्त्यांचाही माग लागतो. इंग्लंडमध्ये थेम्स नदीकाठी डॉर्चेस्टर नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांखाली नवाश्मयुगातल्या माणसांनी खणलेले चर होते. विमानातून काढलेल्या फोटोंत पिकाच्या रंगावरून ते ओळखू यायचे, पण शेतात उभं राहिलं तर काही म्हणता काही दिसत नसे. त्यात तिथली खडी काढायचं काम सुरू. खडीबरोबर चरही जाणार! सगळं रान खणून बघायला वेळ कुठला? १९४६ साली रिचर्ड अ‍ॅटकिन्सन या तरुण संशोधकानं तिथं सळ्या ठोकून मोजणी केली. पुरातत्त्वात ही पद्धत वापरण्याची सुरुवात इथूनच मानतात. चरात साचलेली गाळमाती ओल धरते, भोवतालची खडी धरत नाही. म्हणून चरावर आकडा उतरायचा. पुरलेली दगडी भिंत असेल तर उलट, आकडा चढतो.

आता चौकटीला बसवलेल्या सळ्या घेऊन पावलापावलावर टेकवत जातात आणि आकड्यांचा नकाशा संगणक काढतो. पण भिंत कोणाची, किती जुनी, हे सळ्या सांगत नाहीत. सोन्याचा हंडा तर नाहीच नाही!

मग एवढा खटाटोप कशाला? कारण उत्खनन एकदाच करता येतं. उकरलेला थर पुन्हा होता तसा रचता येत नाही. नकाशा हाती असला की नेमक्या जागीच कुदळ पडते. बाकीची जमीन तशीच राहते, उद्या याहून चांगली साधनं घेऊन येणाऱ्यांसाठी.